गुडघ्याएवढी डोणी

कायदा म्हणजे हाकिमाचा हुकूम. वकिलीच्या इम्तिहानासाठी हैदराबादेत हे मी उर्दूतून एवढं घोकलं होतं, की झोपेतही बडबडायचो. सुट्टीत चकलांब्याला आलो तर मोहनरावकाका वाटच बघत होते. आमच्या विहिरीवर म्हाळू धनगराची मेंढरं यायची, ती त्यांना बंद करायची होती. दाव्याचा निकाल देणारे मुन्सफसाहेब जागा बघायला येणार होते.

"उत्तरेश्वर, आपल्याकडनं तूच बोल बे," काका म्हणाले. "तुला शिकाया ठिवलाय कावून?"

मला काय, हौसच होती. म्हाळूला दुसरं पाणी दोन कोसांवर. भर उन्हाळ्यात कोकरं तिथवर टिकली नसती. हे ठाऊक असूनही, साहेब विहिरीवर आले तेव्हा मी त्यांच्यापुढं ऐटीत विचारलं, "यांच्याकडं कागद कुठं हाय?"

म्हाळूची म्हातारी आई, सत्यभामा, पुढं आली. "कागद न्हाई, मालक. डोणी हाय."

काका हसले. मीही हसलो, लाज वाटते आता.

विहिरीला लागून जनावरांना पाणी पाजायच्या दगडी डोण्या दोन. एक कमरेएवढी, बैलांची. दुसरी जेमतेम गुडघ्याएवढी. लहानपणी तिच्यात मी पाय बुडवून बसायचो, पण ती एवढी बुटकी का, हा प्रश्न कधी डोक्यात आला नाही.

"हितं कुणाचं तोंड पोचतंय, बघा की वाकून," म्हातारी म्हणाली. "तुमच्या घरी मेंढरं कवा होती?"

कधीच नव्हती. मी वाकलो. काठाचा दगड माना घासून घासून झिजला होता. त्यावर हात फिरवला आणि अंगावर काटा आला. विहीर माझ्या आजोबांनी बांधलेली. कुण्या हाकिमाचा हुकूम नव्हता, कागद नव्हता. तरी त्यांनी दुसऱ्याच्या मुक्या जनावरांसाठी वेगळा दगड घडवून घेतला, आणि दोन पिढ्या तो कुणी मोडला नाही. हैदराबादची मोठी कचेरी बघूनसुद्धा मी एवढा दबलो नव्हतो.

"मोहनरावांचं म्हणणं काय?" साहेबांनी विचारलं.

काका माझ्याकडं बघत होते. मला हैदराबादेत ठेवलं होतं ते त्यांनीच.

"हुजूर," मी म्हणालो, "कागद हाय. आमच्या आजोबांनीच लिहून ठेवलाय. मला आत्ता वाचता आला."

काका पाठ फिरवून घराकडं चालू लागले. सत्यभामेनं पोहरा विहिरीत सोडला.