गार पाण्याचा सोबती

मी एक जुना वेटसूट आहे, चांगल्या पाच मिलिमीटर जाड रबराचा. बेटावरच्या डायव्हिंगच्या दुकानात माझा मुक्काम असतो. मित्रांनो, वर्षातले नऊ महिने मला कुणी हिंग लावून विचारत नाही. समुद्र कोमट असतो आणि सगळे माझ्या पातळ भावंडांवर खूश असतात. मग वारा फिरतो, खोलातलं गार पाणी वर सरकतं आणि त्याच्या मागोमाग पंखवाले अवाढव्य मासे येतात. त्यांना पाकटं म्हणतात.

एका वर्षी ती बघायला एक निवृत्त शिक्षिका आल्या. तीस वर्षं त्यांनी मुलांना पुस्तकातलं पाकट शिकवलं, स्वतः मात्र कधी पाहिलं नव्हतं. त्यासाठी या वयात हट्टाने डायव्हिंग शिकल्या. दुकानाची मालकीण त्यांचीच विद्यार्थिनी. बाई तिला अजून चिमणीच म्हणत. बेटावरचा तो बाईंचा शेवटचा दिवस; दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची परतीची बोट होती.

बाईंनी धक्क्यावरून पाण्यात हात बुडवला. "अगं, कोमट आहे की! हे गाठोडं मला नको."

"बाई, वरचं पाणी फसवं असतं. खाली हाडं गोठतात."

"तू मला शिकवणार?"

बाईंपुढे बोलायची चिमणीची अजून टाप नव्हती. बाई पातळ सूट घालून उतरल्या आणि दहा मिनिटांत दात वाजवत वर आल्या. पाकट दिसलंच नाही.

"आता गं?" बाईंचा आवाज रडवेला झाला होता.

"दुपारी आपली बोट घेऊन एकदा जाता येईल. पण हा घालूनच." चिमणीने मला पुढे केलं. मला अंगावर चढवताना दोघींची जी दमछाक झाली, ती काय सांगू!

पंधरा मीटर खाली गार पाणी कोमट पाण्याला भेटतं. तिथे सगळं थरथरताना दिसतं, पाण्यात साखरेचा पाक विरघळावा तसं. मी थोडं पाणी आत घेतलं, बाईंच्या अंगाने ते ऊबदार झालं आणि ती ऊब मी घट्ट धरून ठेवली.

आणि ते आलं. अबब, केवढं ते! ना आवाज, ना घाई. पंख हलवत ते आमच्या डोक्यावरून गेलं आणि सूर्यच झाकला गेला. मी कितीतरी छात्यांवर बसलो आहे, पण असं धडधडणारं काळीज मला कधी लागलं नव्हतं.

वर आलो तेव्हा बोटीवर ऊन रणरणत होतं. बाई घामाने निथळत होत्या, तरी मला काढू देईनात.

"थांब गं चिमणे. ते अजून माझ्यावरून चाललंय."

मित्रांनो, माझी शिवण आता उसवू लागली आहे. मला गोड्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, एवढंच मागणं. पुढच्या गार पाण्याला मला पुन्हा कुणाच्या तरी काळजाशी असायचं आहे.