कळकलेला गंज

मी गंज बोलतो आहे. इतरत्र हा शब्द लोखंडावर चढणाऱ्या तांबूस थराला लावतात. आमच्या वर्धा जिल्ह्यात गंज म्हणजे उभे भांडे. मी तांब्याचा. काठावर ‘भागीरथा’ हे नाव कोरून घेऊन मी तिच्या लग्नात तिच्या सासरी आलो.

सणावारी माझ्यात कढी शिजे. कल्हई उडाली, की भागीरथा ताकाचा थेंबही माझ्यात पडू देत नसे. कळकेल, म्हणे. पुढे ॲल्युमिनियमची भांडी आली, कल्हईवाला येईनासा झाला आणि मी अडगळीत गेलो.

१९७८च्या सुमारास जवळच संत्र्यांचा रस काढणारा कारखाना निघाला. चोथा फुकट मिळू लागला. भागीरथेच्या चार मेंढ्या होत्या. स्वतःचे म्हणावे असे तिच्याजवळ तेवढेच. तिच्या नवऱ्याने, नत्थूजीने, चोथा भिजवायला मला अंगणात काढले.

“अवो, त्यात आंबट नोका ठेवू. कल्हई नाई त्याले.”

“मान्साचं ताक कळकते. मेंढीचं काय कळकते? तिले का कढी वाढून राह्यली तू?”

तीही हसली.

चोथा माझ्यात आंबत राही. नवल असे, की कोणी घासत नसताना मी आतून उजळत गेलो. मेंढ्या तळ चाटून जात आणि मी अधिकच लखलखे. माझे काहीतरी त्यांच्या पोटात बसून गोठ्यात जात होते. तिथून मला माझाच मंद नाद ऐकू येई.

महिनोन्महिने काही झाले नाही. मग एका सकाळी एक मेंढी उठली नाही. डोळे हळदीसारखे, मूत्र काताच्या पाण्यासारखे. आठवड्यात दुसरी गेली, तिच्यामागे तिसरी.

जनावरांच्या डॉक्टरांनी त्या तिसरीचे पोट उघडून पाहिले. “काय चारता?”

“संत्र्याचा चोथा.”

“कशात?”

भागीरथेने माझ्याकडे बोट दाखवले.

“मेंढीला तांबं सोसत नाही, बाई. ते यकृतात साठत राहतं आणि एके दिवशी एकदम रक्तात उतरतं.”

“आता बंद केलं त? एक राह्यली. गाभण हाये.”

“बंद कराच. पण साठलेलं साठलेलंच.”

मला पालथे घातले गेले. पुढे कितीतरी दिवसांनी ती गाभण चंद्री आली आणि माझी पाठ चाटू लागली. तिचे डोळे माझ्या अंगात उमटले. तो पिवळेपणा माझा की तिचा, मला ओळखता येईना. संध्याकाळी तिला पोटातल्या पिलासह बांधाखाली, इतर तिघींशेजारी पुरले.

त्या जागी गवत दाट येते. वाटेने जाणारे परके कळप नेमके तिथेच थांबतात.

आज मी हिंगणघाटच्या बाजारात मोडीच्या तराजूत आहे. “घासू घासू हलका केला, बाई,” व्यापारी ताराचंद म्हणाला.

“कोणी घासला नाई त्याले,” भागीरथा म्हणाली आणि काठावरच्या आपल्या नावावर तिने पदर ओढला.

मला वितळवतील. मग मी परात होऊन, पातेले होऊन तुमच्याच घरी येईन. काठावर दुसरे नाव असेल. माझ्यात आंबट ठेवण्याआधी एकदा कल्हई पाहा. ते कोणाच्या तोंडी जाणार आहे, हे मात्र विचारत बसू नका.