आय आणि ओ

कोपरगावहून कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागूनच आप्पासाहेबांचं घर होतं. उसाचा हंगाम सुरू झाल्यापासून त्यांनी एक नेम धरला होता. सकाळचा चहा घेऊन ओसरीवर बसायचं, जो पहिला ट्रॅक्टर जाईल त्याच्या नंबरप्लेटवरची मधली दोन इंग्रजी अक्षरं वहीत टिपायची आणि ती दोन्ही अक्षरं ज्यांत येतात असे वीस इंग्रजी शब्द चहा निवायच्या आत लिहून काढायचे. चौतीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलेल्या माणसाला हा खेळ पोरकट वाटायला हवा होता. पण थोरल्या भावाला शेवटी स्वतःच्या मुलांची नावं आठवेनाशी झाली, ते त्यांनी जवळून पाहिलं होतं. आणि नाशिकच्या डॉक्टरांनी येत्या गुरुवारी स्मरणशक्तीच्या तपासणीला पुन्हा बोलावलं होतं.

खरी भीती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती, नाशिकला राहणाऱ्या मुलीला, अश्विनीलासुद्धा नाही. दिवाळीत एकदा बसल्या बसल्या फार वर्षांपूर्वी गेलेल्या आईची आठवण आली. चेहरा आला, हातावरचं गोंदण आलं, पण आवाज काही केल्या येईना. तिचे ओठ हलत आणि ऐकू काहीच येत नसे. लहानपणी काष्टीला शाळेतून परतताना ते फाटकातूनच ‘आय’ अशी हाक मारत आणि गुळाचा चहा उकळत असलेल्या चुलीपुढून तिची ‘ओ’ येई. पुढे प्राध्यापक झाल्यावर चार लोकांत तिला ‘आई’ म्हणू लागले. पहिल्यांदा म्हणाले, तेव्हा तिनं ओ दिली नव्हती, नुसतं मान वळवून पाहिलं होतं.

आय आणि ओ ही अक्षरं नंबरप्लेटवर कधीच येत नाहीत, हे हंगामभराच्या नोंदींवरून त्यांच्या लक्षात आलं होतं. एक आणि शून्य यांच्याशी घोटाळा होऊ नये म्हणून वगळली असावीत. जी अक्षरं येत ती अवघड असत, आणि माघ उलटला तसे शब्द आटत गेले. ‘बी’ आणि ‘एक्स’ला चारच सुचले, त्यातला एक चुकीचा. मग कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, आणि रस्ता ओस पडला.

बुधवारी सकाळी मात्र एक ट्रॅक्टर गेला. ट्रॉली उसानं गच्च भरलेली होती, पण गाणी लागलेली नव्हती, हेच आधी खटकलं. मग प्लेट दिसली. “आय... ओ,” ते पुटपुटले, आणि पाटाला पाणी सोडावं तसे शब्द धावत आले. लायन, ऑइल, कॉइन, ओनियन, मोशन. घसरलेला चष्मा वर करायलाही हात थांबला नाही. विसावा शब्द होता व्हॉइस.

“सर, आयला हाका मारताय व्हय?” अंगण झाडणाऱ्या कडूबाईनं विचारलं. “या वयात?”

“हाका नाहीत हो. इंग्रजी अक्षरं आहेत ती. आत्ता ट्रॅक्टर गेला ना, त्याच्यावरची.”

“कुठला ट्रॅक्टर? पट्टा पडून आठ दिस झालं. मी मगापासनं हितंच हाय की.” ती हसली. “तुमच्या इंग्रजीनं मलाबी खुळी करताल.”

त्यांनी वहीत पाहिलं. वीसच्या वीस शब्द होते, त्यांच्याच अक्षरात. याचं काय करायचं, ते त्यांना कळेना. डॉक्टरांना सांगावं, तर उद्याचा निकाल आजच लागल्यासारखा होता.

गुरुवारी डॉक्टरांनी उलटसुलट प्रश्न विचारले, घड्याळ काढायला लावलं, एका मिनिटात शब्द म्हणायला सांगितले. मग कागद बाजूला ठेवून म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम आहे, आता वर्षानं या.

“बघा आप्पा,” गाडीत अश्विनी म्हणाली, “उगाच जीव टांगणीला लावला होतात. स्वतःचा आणि माझाही.”

सिन्नरला उतरून त्यांनी दोन वडे खाल्ले. कितीतरी दिवसांनी चव कळली. ट्रॅक्टरचं तेवढं त्यांनी सांगितलं नव्हतं.

त्यांना घरी सोडून अश्विनी संध्याकाळीच परतली. शुक्रवारी सकाळी घरात ते एकटेच होते. चहा घेऊन ओसरीवर आले, आता गरज नसलेली वही सवयीनं मांडीवर घेतली. रस्ता पार वळणापर्यंत रिकामा होता. बराच वेळ वाट पाहिली, पण काही आलं नाही. म्हणजे परवाचा आपला भासच, डोकं शिणलं होतं, असं म्हणून त्यांना हायसं वाटलं, आणि किंचित चुकल्याचुकल्यासारखंही. त्यांनी बुधवारचं पान उघडलं आणि वर टिपलेलं पहिलं अक्षर मोठ्यानं वाचलं.

“आय.”

“ओ,” घरातून आवाज आला.

दुसरं अक्षर त्यांनी अजून वाचलं नव्हतं. जरासा घोगरा, चुलीच्या धुरानं बसलेला आवाज. ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. दिवाळीपासून छातीवर असलेलं ओझं अलगद उतरलं.

अंगणात कडूबाईचा खराटा थांबला होता. ती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती.

“पावनी आलीय व्हय घरात?” ती म्हणाली. “सांगायचं की सर. च्या वाढवला असता.”

आप्पासाहेबांनी वही मिटली.

“एक कप वाढवा,” ते म्हणाले. “गुळाचा.”