दुसरा ब्रेक

बाबांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला दोन ब्रेक होते. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसणाऱ्या बाबांच्या पायाशी. बाबांना तो दुसरा ब्रेक दाबावा लागला की शिकणाऱ्याच्या कार्डावर एक फुली. सलग दहा तास फुली नाही, तरच लायसन्सच्या परीक्षेला जायचं. या नियमापुढे भल्याभल्यांची डाळ शिजली नव्हती. कार्डं भरायचं काम धाकट्या लेकीकडे. अक्षर मोत्यासारखं आणि जीभ कात्रीसारखी, म्हणून घरात तिला सगळे मास्तरीण म्हणत.

दादाचं कार्ड मात्र अजून कोरंच होतं; ना तास, ना फुली. आणि परीक्षा उद्यावर आलेली.

सकाळी दादा तिला शाळेत सोडायला निघाला. शेजारी बाबा हवे होते, पण बाबांची दाढी व्हायची होती आणि दोन मिनिटं थांबणं दादाच्या पत्रिकेतच नव्हतं. मास्तरीण बाबांच्या जागेवर बसली.

"हळू चालव."

"घाबरट! डोळे मीट." दादा च्युइंगम चघळत होता, तोंड उघडं टाकून, मचमच.

शाळेपुढे बस थांबलेली. बस का थांबली असेल, एवढा विचारही न करता दादाने गाडी बाहेरून काढली. समोर पोरांना रस्ता ओलांडून देणाऱ्या मावशी. एका हातात 'थांबा'ची पाटी, दुसऱ्या हाताला एक चिमुरडी. दादाने हॉर्न मारला. फक्त हॉर्न! मास्तरणीचा पाय आपोआप खाली गेला.

गाडी गचकन थांबली. मावशींची पाटी बॉनेटवर खणकन आपटली. चिमुरडीची पाण्याची बाटली घरंगळत चाकाखाली गेली.

"ओ मावशी, रस्त्यात काय नाचताय?" दादा खिडकीतून ओरडला आणि चघळलेला गोळा त्याने दाराला बाहेरून चिकटवला. मग बहिणीवर उखडला, "तुला कोणी सांगितलं ब्रेक मारायला? आरामात निघालो असतो!"

आणि तो हसला. मजा आल्यासारखा. उतरून गाडीला वळसा घालताना मास्तरणीचा हात नेमका दादाच्या दारावरच्या त्या ओल्या, कोमट गोळ्यावर पडला. शाळेत तिने तीनदा साबण लावला, तरी तो चिकटपणा बोटांवरून जाईना.

संध्याकाळी तिने घरी सगळं सांगितलं.

"स्वभावच आहे गं त्याचा," आई म्हणाली. "डोक्यात आलं की केलं. लहानपणी नाही का, नको नको म्हणताना तापल्या इस्त्रीला हात लावला!"

"तेव्हा हात त्याचा भाजला होता, आई."

बाबांनी कोरं कार्ड पुढे सरकवलं. "मास्तरीणबाई, दहा तास लिहून टाका. फुल्या नकोत. पोरगं आहे, शिकेल हळूहळू."

आता तिला बाबांचीही शिसारी आली. परक्यांची पोरं एका फुलीसाठी रडायची, आणि हे!

ती उठून गाडीपाशी गेली, वाकून बाबांच्या बाजूचा पेडल पाहिला. दादा शिकायला लागला तेव्हा त्यावर बाबांनी नवं रबर घातलं होतं. एरवी वर्षानुवर्षं टिकणारं ते रबर तीन महिन्यांत झिजून आतलं लोखंड चमकायला लागलं होतं.

ती परत आली आणि तिने मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'वडिलांनी दाबलेले ब्रेक: रबर झिजेपर्यंत. बहिणीने दाबलेला: एक. समोर लहान मूल होतं. परीक्षेला पाठवू नये.'

"सही करा, बाबा."

बाबांनी वाचलं. पेन हातात घेतलं नाही.

तेवढ्यात दादा दार आपटून आत आला, किल्ली बोटाभोवती गरगरा फिरवत. "झालं का कार्ड? चला, जरा एक चक्कर मारून येतो!"

टेबलाखाली बाबांचा पाय झटकन जमिनीवर दाबला गेला. मास्तरणीने तो पाहिला. बाबांनीही पाहिला.

"किल्ली इथे ठेव," ते दादाला म्हणाले आणि त्यांनी पेन उचललं.