पोरींचा अर्ज

दहावीचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी हिंदुराव तात्या उसाला पाणी देत दारं धरून उभे होते. कालव्याला आवर्तन सुटलं होतं. मे महिन्यातलं ऊन नऊ वाजताच टाळू भाजत होतं, आणि भेगाळलेलं काळं रान पाणी असं पीत होतं की एक सरी भिजायला अर्धा तास लागत होता. एरवी हे काम गड्याचं. पण आज तात्यांनी त्याला माघारी लावून खोरं स्वतःच्या हातात घेतलं होतं. तात्या हायस्कूलच्या शाळा समितीचे अध्यक्ष. एकतीस पोरांतली चौदा गणितात गेली होती. गावात बसलं की जो तो विचारणार. रानात कोण येतंय?

पण विचारणारा बांधावरनंच आला. म्हस्कू. मागं त्याची पोर, स्वराली. म्हस्कूच्या बापानं जन्मभर मेंढरं हिंडवली. म्हस्कूनं कळप विकून लासुर्ण्याच्या बाजूला तीन एकर रान धरलं, ते पोरीची शाळा एका जागी व्हावी म्हणून.

'आता हा शिव्या घालणार,' तात्या मनात म्हणाले. 'घातल्या तर बरंच.'

"राम राम, तात्या."

"राम राम. ये, सावलीला बस."

"बसत न्हाय. एक काम हाय. ह्या पोरीला जरा तुमच्या तोंडानं बोला."

"काय केलं तिनं?"

"गणितात उडाली न्हवं. विज्ञानात एकोणऐंशी आन् गणितात चोवीस. तुमी येवढी शाळा उभी केली, चांगलं मास्तर आणलं, आन् आमच्या पोरीच्या डोस्क्यात उतरंना. आमी मेंढरामागची मानसं. आडातच न्हाय तर पोहऱ्यात कुठनं यावं? मी म्हणलं, चल, तात्याची माफी माग. शाळंचा निकाल पाडलास तू."

पोर खाली बघत होती. एकदाच तिनं मान वर केली आणि तात्यांकडं पाहिलं. तात्यांना ती नजर सोसवली नाही. हातातलं खोरं त्यांनी उगाच चिखलात रोवलं.

कारण तसंच होतं. दिवाळीनंतर कारखान्याची निवडणूक लागली आणि तात्या एका पॅनलकडनं उभे राहिले. गणिताचे इंद्रजित सर हुशार माणूस. शिकवायला उभे राहिले तर मठ्ठातल्या मठ्ठाला भूमिती कळावी. पण त्यांना कॉम्प्युटरही येत होता आणि बोलायलाही यायचं. आधी तात्यांनी त्यांना प्रचाराच्या कामाला एका शनिवारी बोलावलं. मग आठवड्यातनं तीन दिवस. पुढं पुढं तर सरांची मोटारसायकल सकाळी दहालाच तात्यांच्या अंगणात लागायला लागली. मस्टरवर सरांची सही आणि वर्गात पोरांचा कालवा. हेडमास्तर काय बोलणार? अध्यक्षच घेऊन गेलेत म्हटल्यावर!

जानेवारीत स्वराली आणि दोन पोरी तात्यांच्या दारात आल्या होत्या. वहीचा कागद, सुबक अक्षर, खाली बावीस सह्या. सर तासाला येत नाहीत, भूमितीचं निम्मं पुस्तक राहिलंय, वरच्या साहेबांना कळवावं. तात्यांनी अर्ज वाचला, घडी घालून खिशात टाकला आणि म्हणाले, "बघतो, पोरींनो." सर तेव्हा आत ओसरीवरच सभासदांची यादी लावत बसले होते. पोरींनी अंगणातली गाडी पाहिली, एकमेकींकडं पाहिलं आणि मुकाट्यानं गेल्या.

तो अर्ज सदऱ्याबरोबर धुण्यात गेला. तात्यांच्या मंडळी जयवंताकाकू खिशातनं लगदा काढत म्हणाल्या, "कसला कागद व्हता ओ?"

"काय न्हाय. फालतू."

पॅनल निवडून आलं. तात्यांनी गुलाल खेळला.

आता बांधावर तीच पोर उभी होती. तात्या म्हणाले, "म्हस्कू, माफी हिनं न्हाय मागायची."

"म्हंजी?"

तात्यांनी सांगितलं. अर्ज, ओसरी, गाडी, सगळं सांगितलं. तोवर पाणी सरी ओलांडून बांधावर आलं, तिघांच्या पायाखालनं वाहायला लागलं, पण कुणी हललं नाही.

म्हस्कू मटकन खाली बसला. मग म्हणाला, "म्या काल मारली हिला, तात्या. ही सांगत व्हती, सर येत न्हाईत म्हणून. म्या म्हणलं, नाचता येईना अंगण वाकडं, आन् दोन ठिवून दिल्या."

"आबा, उठा. चिखलात बसलाय," स्वरालीनं त्याच्या दंडाला धरलं. मग तात्यांकडं वळून म्हणाली, "जूनमधी परत परीक्षा हाय. सरांस्नी पाठवा."

"पाठवतो की."

"जानेवारीतबी तुमी बघतोच म्हणला व्हता."

तात्या तसेच चिखलाच्या पायानं घरी आले, गाडी काढली आणि बारामतीत सरांच्या दारात उभे राहिले. सगळं ऐकून सर म्हणाले, "तात्या, मला तुम्हीच नेलंत. मी नाही म्हटलं असतं, तर टिकू दिलं असतंत शाळेत?"

मग सरच हळू आवाजात म्हणाले, "पण खोटं कशाला बोलू? मलाही गोड लागलं होतं ते. पोरांपुढं घसा फोडण्यापेक्षा गाडीतनं हिंडणं सोपं. उद्यापासून येतो. सात वाजता."

सर आले. तात्याही आले. शेवटच्या बाकावर गुडघे आखडून बसले. फोन बंद करून. अध्यक्ष वर्गात म्हटल्यावर सरांना बाहेर बोलवायची कुणाची छाती होणार? पहिल्या दिवशी पोरं त्यांना बघून खुसखुसली, चार दिवसांनी विसरून गेली. चौदापैकी तेरा पोरं येत होती. मल्हार तेवढा नव्हता. तो बारामतीच्या एमआयडीसीत खोकी भरायला लागला होता.

तात्या कंपनीच्या फाटकाशी जाऊन थांबले. पाळी सुटली तसा मल्हार बाहेर आला, गळ्यात ओळखपत्र.

"पोरा, फार्म भरायची तारीख हाय अजून. मी भरतो. तू नुसता बसायला ये."

"कशाला तात्या? बरं चाललंय माझं. आन् मला गणित येतच न्हाय, मी ढ हाय."

"आरं, तू ढ न्हाईस! तुला शिकिवलंच न्हाय कुणी. ते माझ्यामुळं."

मल्हार हसला. म्हातारा माणूस बोलतोय, ऐकून घ्यावं, असं हसला. तेवढ्यात बस आली आणि तो पळाला.

जुलैअखेर निकाल आला. तेरापैकी अकरा पास झाली. स्वरालीला एकसष्ट पडले, तिनं बारामतीला विज्ञानाला नाव घातलं. म्हस्कू सांगायला आला तेव्हा तात्यांनी त्याच आठवड्यात अध्यक्षपद सोडल्याचा कागद शाळेत दिला होता. गावात कुणी म्हणालं, तात्या मोठ्या मनाचा. ते ऐकून तात्यांना जेवण गोड लागेना. उठून ते मल्हारच्या घरी गेले. त्याची आई गोजरबाई दारात शेंगा फोडत होती.

"गोजरबाई, तुमचं पोरगं ढ न्हाय. त्याच्या वर्साचं वाटुळं म्या केलं. सर शाळंत नव्हतं, ते माझ्या ओसरीवर व्हतं."

गोजरबाईचे हात थांबले. ती ना चिडली, ना रडली.

"मला सांगून काय उपेग, तात्या? त्यो रोज जेवताना म्हणतोय, आये, माझं डोस्कंच न्हाय. त्याला सांगा."

"सांगितलं ओ. त्यो हसला."

"हसणारच. वरीसभर त्याला फळ्यानं सांगितलंय, तू ढ हायस. तुमी एकडाव सांगून पटंल व्हय?" गोजरबाईनं शेंगांचं सूप बाजूला सरकवलं आणि त्यांच्याकडं सरळ बघितलं. "पुन्यांदा जावा. फेब्रुवारीत परत परीक्षा असती म्हणं. त्याला पटंस्तवर जावा."

तात्यांनी मान डोलावली. पाळी सुटायला तासभर होता. त्यांनी गाडीला किक मारली आणि बारामतीच्या वाटंला लागले.