कॉफीच्या बंबाचा ब्रेकर

"ओर्लिन, तू वर जा बघू. आज तू कशालाही हात लावायचा नाहीस," असं म्हणत स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या व्हर्नाने चर्चच्या तळघरातल्या विजेच्या पॅनेलसमोर आपला देह आडवा घातला. देह ऐसपैस होता. पॅनेल पुरतं झाकलं गेलं.

ओर्लिनने काळा कोट काढून खुर्चीवर टाकला. "बाजूला हो, व्हर्ना."

वर त्याच्या बायकोचं, आर्डिसचं, अंत्यदर्शन चाललं होतं. रीतीप्रमाणे नवऱ्याने शवपेटीशेजारी उभं राहून एकेकाचा हात हातात घ्यायचा आणि 'यंदा थंडी भारी आहे' हे ऐकून घ्यायचं. मिनेसोटातल्या त्या गावात दुःख व्यक्त करायला हवामानाखेरीज विषय नव्हता. ओर्लिन उभाही होता. पण एव्हाना खालून यायला हवा होता तो कॉफीचा वास येईना, म्हणून तो उतरून आला, तर दोन्ही बंब थंडगार.

प्रार्थनेनंतर जेवण, जेवणाबरोबर कॉफी. गावातल्या प्रत्येक मयताची कॉफी आजवर आर्डिसने केली होती आणि ती कधी उशिरा झाली नव्हती.

"आमच्या हॅरल्डला पेट्रोल पंपावर पाठवते," व्हर्ना म्हणाली. "तिथे मिळते की."

"आर्डिसच्या मयताला पंपावरची कॉफी?"

व्हर्ना पॅनेलसमोरून हटली.

ओर्लिनचा जन्म गावाच्या तारा ओढण्यात गेला होता. निवृत्त झाला तरी हत्यारांची पेटी गाडीतून उतरली नव्हती. त्याने आधी त्या भिंतीवरचे सगळे प्लग काढायला लावले. पडलेला ब्रेकर, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, पूर्ण खाली दाबला, मग वर केला. टिकला. म्हणजे तारेत दोष नाही. पॅनेलचं झाकण उघडून त्याने तारेभोवती मीटरचा चिमटा धरला. "आता एकच बंब लाव."

मीटरने आठ-नऊ अँपिअर दाखवले. ब्रेकर विसाचा. त्याने एवढा भार आरामात पेलायला हवा होता. थोड्या वेळाने खट्. पडला.

"दुसरा बंब लाव."

पुन्हा तेच. ओर्लिनने ब्रेकरवर बोट टेकवलं आणि चटकन काढलं.

"बंब ठीक आहेत. ब्रेकरच गेलाय. कधीपासून पडतोय हा?"

व्हर्ना सुरी उगाच पुसू लागली. "असेल... बरेच दिवस."

"मग?"

"मग काय, पडला की वर करायचा. लाकडी चमचा ठेवलाय ना तिथे."

"इतके दिवस चमच्याने वर करताय? मला सांगायला काय झालं होतं?"

"आर्डिसनेच बजावलं होतं," व्हर्ना म्हणाली. "ओर्लिनला कोणी सांगायचं नाही. तो लगेच येऊन फरशीवर गुडघे टेकून बसेल, आणि त्याचे गुडघे आता तसले राहिले नाहीत."

पॅनेल बरंच खाली होतं. ओर्लिन फरशीवर गुडघे टेकून बसला.

तेवढ्यात पास्टर टिम जिना उतरून आले. "ओर्लिन, वर सगळे तुम्हाला विचारतायत."

"पास्टर, तुमच्या ऑफिसातल्या एसीचा ब्रेकर काढून घेतोय. तोही विसाचाच आहे."

"घ्या की. जानेवारीत एसी लावून मी कुठे बसणार?"

"मेन बंद करावा लागेल. ऑर्गन थांबेल."

पास्टरांनी छताकडे पाहिलं. वर ऑर्गनवादक एका संथ स्तोत्राशी झटत होता. "थांबला तर कोणी तक्रार करेल असं वाटत नाही," ते म्हणाले आणि त्यांनी विजेरी हातात घेतली.

मेन खाली आला. दिवे गेले, फ्रीजची घरघर गेली, ऑर्गन एका सुरावर दमून गप्प झाला. त्या शांततेत छतावरून पावलांचा आवाज येऊ लागला. बर्फातले जाड बूट, लाकडी जमीन. एक पाऊल, थांबणं, पुन्हा एक पाऊल. आवाज दारापासून थेट शवपेटीपर्यंत होता. विजेरीच्या उजेडात ओर्लिनचा स्क्रूड्रायव्हर मध्येच थांबला.

"बरीच माणसं आलीत," तो म्हणाला.

"बाहेर पायऱ्यांपर्यंत रांग आहे," पास्टर म्हणाले.

त्याने टेस्टरने खात्री करून घेतली, तार सोडवली, जुना ब्रेकर उपटला. पॅनेलच्या पट्टीला धरणारा त्याचा जबडा काळवंडला होता, पण पट्टी स्वच्छ होती, म्हणजे दुसरा ब्रेकर तिथे चालणार होता. एसीचा ब्रेकर काढून तिथे बसवला, तार आवळली, हलवून पाहिली, पुन्हा आवळली. मेन वर केला. ऑर्गन थांबला होता तिथूनच पुन्हा सुरू झाला. एक बंब लावला, आणि तो गुरगुरू लागल्यावर दुसरा. ओर्लिन पॅनेलसमोरून उठला नाही. ब्रेकरवर बोट ठेवून बसून राहिला, तळघरात कॉफीचा वास पसरेपर्यंत.

मग व्हर्नाच्या खांद्याचा आधार घेऊन उठला, हात धुतले, कोट चढवला. मागच्या दाराने बाहेर पडून, वळसा घालून पुढच्या पायऱ्यांवर, आर्डिसच्या दर्शनाच्या रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

पुढच्या माणसाने वळून पाहिलं. "अरे ओर्लिन! तू कशाला रांगेत? जा ना पुढे."

"नको. तू माझ्या आधी आलायस," ओर्लिन म्हणाला. "आणि कॉफीला थोडा वेळ आहे अजून."

रांग एक पाऊल सरकली. ओर्लिनही सरकला.