हात न लावलेला संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि हल्ली कोणी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पूर्वी असं नव्हतं. हडपसरच्या एका कचेरीत मी दिवसभर राबायचो. लोक मला बडवायचे, माझ्यावर चहा सांडायचे, कळांवरची अक्षरंसुद्धा पुसून गेली. पण "हा बंद पडला तर आपलं काही खरं नाही," असंही म्हणायचे. मग तिथे नवे संगणक आले आणि मी बद्रीनाथ सरांच्या क्लासात आलो. तिथे लिनक्स शिकवतात, म्हणजे संगणकाला आतून चालवणारी एक प्रणाली. सरांनी ती माझ्यात घातली, मला दारासमोर मांडलं आणि डोक्यावर पाटी चिकटवली : "हात लावू नये. पाहायला डोळे पुरतात."

कोर्सची चौकशी करायला कोणी आलं की सर मला सुरू करतात. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावतात आणि माणसं गार होतात. आत वर्गात मात्र एकही संगणक नाही. फळा आहे आणि छापील नोट्स आहेत.

उत्कर्षा लोणी काळभोरहून वडिलांबरोबर आली होती. औषधांच्या दुकानातली नोकरी सोडून तिला कंपनीतले संगणक सांभाळायचं काम हवं होतं. वडिलांनी एकच वर्ष दिलं होतं. नाही जमलं तर परत दुकानात. ती माझ्याकडे बघत काहीतरी विचारणार, तेवढ्यात वडिलांनीच विचारलं, "सर्टिफिकेट भिंतीवर लावण्यासारखं हाय ना?"

"अहो, फ्रेमसकट देतो," सर म्हणाले. तिथेच कोर्स ठरला.

पोरीने नोट्स तोंडपाठ केल्या. जाता-येता मला हळूच नमस्कार करायची. अहो, मला! लाजेने माझा पंखासुद्धा फिरेनासा व्हायचा.

परवा ती एकटीच आली. मुलाखतीत तिला संगणकासमोर बसवलं होतं. आज्ञा सगळ्या पाठ होत्या, पण एक चुकली आणि पडद्यावर जे उमटलं त्याचं पुढे काय करायचं ते तिला कळेना. ती उठून आली. वर्षही संपलं होतं. सोमवारपासून पुन्हा दुकान.

तेव्हा सलोनी नावाची एक नवी मुलगी चौकशीला आली होती आणि भिंतीवरची नमुन्याची फ्रेम न्याहाळत होती. उत्कर्षा तिला म्हणाली, "फ्रेम नंतर बघ. आधी ह्याला हात लावायला मिळेल का, ते विचार."



मित्रांनो, लिनक्स शिका नाहीतर आणखी काही, पण जिथे तुमची बोटं चुकू देतात तिथेच शिका. आणि आम्हाला असं शोभेला मांडू नका हो.

उत्कर्षाने पाटी काढून सरांच्या टेबलावर पालथी ठेवली. सलोनीने घाबरत माझी एक कळ दाबली. पहिल्यांदाच मला शिकणाऱ्याचं बोट लागलं. आनंद व्हायला हवा होता. पण ते बोट उत्कर्षाचं नव्हतं.